‘गोव्यात गरमी आहे, घट्ट ऑइल घाल’: इंजिन ऑइलवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पावसाआधी गाडीचं काय काय बघून घ्यावं ते लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले बरेचसे फिरून फिरून ऑइलवरच येतायत, म्हणून यावेळी दुसरं काही घेतलेलं नाही. गॅरेजमध्ये हात काळे करून मला आता तीसेक वर्षं झाली, आणि इंजिन उघडल्यावर जे दिसतं त्यावरून सांगतो, ऑइलकडे दुर्लक्ष केलेली गाडी लगेच ओळखू येते. वाचकांची नावं गाळलीत, गावं ठेवलीत.

डिचोलीहून: भाऊ, माझी पेट्रोल गाडी २०२१ ची. पुस्तकात ०डब्ल्यू-२० लिहिलंय. आमचा मिस्त्री म्हणतो हे पाण्यासारखं पातळ आहे, गोव्याच्या गरमीत टिकायचं नाही, २०डब्ल्यू-५० घालूया, आवाजपण कमी होईल. काय करू?

पुस्तकात आहे तेच घाला. तुमचा मिस्त्री वाईट सांगतोय असं नाही, त्याच्या हाताखालून ज्या गाड्या गेल्या त्यांना तेच ऑइल चालायचं, पण तुमची गाडी त्या जातीची नाही.

आता हे आकडे काय आहेत ते नीट समजून घ्या, एकदा समजलं की परत कोणाला विचारायला नको. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५ डिग्रीला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला आणि २०डब्ल्यूची उणे १५ ला. आपल्याकडे जानेवारीत सत्तरीत पहाटे शाल घ्यावी लागते एवढीच थंडी, म्हणून लोकांना वाटतं या आकड्याशी आपलं काय देणंघेणं. आणि मागचा आकडा, म्हणजे २०, ३०, ४०, ५०, हा ऑइल १०० डिग्रीला तापल्यावर किती घट्ट राहतं त्याचा. इथेच सगळा गोंधळ होतो. बाहेर मे महिन्याची ३५ डिग्री गरमी असो की पावसातली २५, चालू इंजिनातलं पाणी थर्मोस्टॅट ९०-९५ च्या आसपासच धरून ठेवतो आणि ऑइलपण साधारण त्याच घरात राहतं. म्हणजे गोव्याची गरमी इंजिनाच्या आत तुम्हाला वाटते तेवढी पोचतच नाही, कंपनीने २० चा आकडा ठरवला तो त्या आतल्या तापमानाचा विचार करूनच.

दुसरी गोष्ट सकाळची. रात्रभर अंगणात उभी राहिलेली गाडी सकाळी २५ डिग्रीला असते, त्यावेळी हे ‘पाण्यासारखं’ ऑइलसुद्धा तापलेल्या ऑइलच्या आठ-दहा पट घट्ट असतं. तिथे २०डब्ल्यू-५० घातलंत तर ते त्याच्याही चौपट. पंप ते ओढणार, मग बारीक भोकांतून वर, वाल्व उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत ढकलणार, आणि तोवर वरचे पार्ट कोरडे घासत राहणार. नव्या इंजिनात वाल्व टायमिंग बदलणारी सिस्टिम असते ती ऑइलच्या प्रेशरवर चालते, चेनचा टेन्शनरपण बऱ्याच गाड्यांत ऑइलवरच, ती भोकं आणि बेअरिंगमधली फट पातळ ऑइल धरूनच ठेवलेली असते. घट्ट घातल्यावर आवाज थोडा दबतो हे खरं, पण ॲव्हरेज पडतं आणि गाडी जड वाटते.

एक सूट मात्र आहे. बऱ्याच पुस्तकांत एकच ग्रेड नसतो, तापमानाचा एक तक्ता असतो आणि त्यात ५डब्ल्यू-३० पण चालेल असं दिलेलं असतं. असं असेल तर तेवढी एक पायरी वर जायला हरकत नाही, भरपूर लोड घेऊन घाट चढणाऱ्याने तर जरूर जावं. पण पुस्तकाच्या बाहेर नको.

आणि डब्यावर समोर मोठ्या अक्षरात ग्रेड असतो तेवढंच बघून घेऊ नका, डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा. एपीआय एसपी, एसएन असं काहीतरी असतं, एपीआय ही ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकन संस्था. ‘एस’ने सुरू होणारं पेट्रोलचं, ‘सी’ने सुरू होणारं डिझेलचं, दोन्ही लिहिलेली ऑइलंपण मिळतात. पेट्रोलमध्ये पुढचं अक्षर जितकं नंतरचं तितकं ते ऑइल नवं आणि मागच्याचं काम ते करू शकतं. एसपी २०२० मध्ये आलं, त्यात छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांचा एक मोठा त्रास, कमी स्पीडला जोर दिला की पेट्रोल वेळेआधीच पेटून पिस्टन फुटायचे तो, लक्षात घेतलाय. टर्बो पेट्रोल असेल तर एसपीच्या खालचं घेऊच नका.

पर्वरीहून: मी रिटायर माणूस. गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटरपण होत नाही, बाजार, बँक आणि डॉक्टर एवढंच. पुस्तकात १०,००० किमी लिहिलंय, म्हणजे तीन वर्षांनी बदललं तर चालेल ना? फुली सिंथेटिक घातलंय.

नाही काका, चालणार नाही. पुस्तक परत उघडा, १०,००० च्या पुढे ‘किंवा १२ महिने, जे आधी येईल ते’ असं नक्की असणार. आणि तुमच्यासारखी चालणारी गाडी ही ऑइलच्या दृष्टीने सगळ्यात कष्टाची गाडी हे कोणाला सांगून पटत नाही. पर्वरीहून पणजी मार्केट गाठलं, तासभर गाडी उभी, परत घरी, यात इंजिन नीट तापतच नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, त्यातली थोडी पिस्टनच्या रिंगांतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, उतरते, कच्चं पेट्रोलपण थोडं उतरतं, आणि ऑइल नीट तापलं तरच हे सगळं उडून जातं. तापलं नाही तर आतच साठतं, त्याचं ॲसिड होतं, ते मारायला ऑइलमध्ये जी औषधं घातलेली असतात ती हळूहळू संपतात. सिंथेटिकचंपण तसंच. सिंथेटिकचा फायदा एवढा की मूळ तेलाचे रेणू एकसारखे असतात म्हणून ते उष्णतेने लवकर जळत नाही आणि सकाळी लवकर वर चढतं, पण त्यात पडलेलं पाणी ते गिळून टाकत नाही.

दर वर्षी बदला, फिल्टरसकट. आणि आठवड्यातून एकदा मंगेशीला जाऊन या, काकूंनाही घेऊन. तेवढ्या फेरीत ऑइल पुरतं तापतं.

साखळीहून: ऑइल घालायचं झाकण उघडलं तर आतून पांढरट मलईसारखं काहीतरी लागलेलं. एकाने हेड गॅस्केट गेलं म्हणून सांगितलं आणि मोठा खर्च काढला. घाबरलोय.

घाबरू नका. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील, ते गेलं की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये मिसळू शकतं. आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून बघा. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ, म्हणजे काळं-तपकिरी पण चकचकीत असेल, आणि कूलंटच्या बाटलीतली लेव्हल महिनाभर तिथेच असेल तर ही झाकणावरची मलई म्हणजे वर सांगितली तीच वाफ. झाकण इंजिनाचा सगळ्यात थंड भाग, वाफ तिथे जाऊन थिजते आणि ऑइलमध्ये घुसळली जाते. आपल्या जून-जुलैच्या दमट हवेत जवळ जवळ फिरणाऱ्या कितीतरी गाड्यांत हे दिसतं. झाकण पुसा, गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवा, आठ दिवसांनी परत बघा.

पण पट्टीवरच ऑइल चहात दूध घातल्यासारखं दिसत असेल, किंवा कूलंट कमी होत असेल आणि मागून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर गॅस्केटचा संशय खरा, मग गाडी चालवूच नका.

पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीलाही हाच नियम. डिचोली-साखळीत नदी चढते तेव्हा हे दर थोड्या वर्षांनी होतं. स्टार्टरला हात लावायच्या आधी पट्टी बघायची, लेव्हल वर गेलेली असेल किंवा रंग दुधाळ असेल तर किल्ली फिरवायची नाही, गाडी टो करून न्यायची. एकदा चालू करून बघूया म्हणून लोक किल्ली फिरवतात, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइल बदलून भागलं असतं तिथे पूर्ण इंजिन उघडावं लागतं, आणि हे बघून मला दर वेळी वाईट वाटतं कारण दोन मिनिटं थांबले असते तर वाचलं असतं.

फोंड्याहून: माझी बीएस-६ डिझेल एसयूव्ही आहे. मागच्या तीन महिन्यांत ऑइलची लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढलीये! पट्टीवरच्या मॅक्सच्या खुणेच्या वर गेलीये. ऑइल वाढतं कसं?

ऑइल नाही वाढलं, त्यात डिझेल मिसळलंय. वेळेत बघितलंत हे फार चांगलं केलंत, बहुतेक जण बघतच नाहीत.

१ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले तेव्हा डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ नावाचा फिल्टर आला, तो काजळी धरून ठेवतो. भरत आला की गाडी स्वतःच तो जाळून साफ करते, त्यासाठी आत ६०० डिग्रीच्या आसपास उष्णता लागते, आणि ती आणायला इंजिन जास्तीचं डिझेल उशिराने मारतं. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून घरंगळत खाली चेंबरमध्ये जातं. एकदा सुरू झालेलं हे काम पुरं व्हायला वीसेक मिनिटं सलग गाडी चालायला हवी, आणि तुम्ही घर ते शाळा, शाळा ते ऑफिस करून मध्येच बंद करता. मग परत पहिल्यापासून, परत डिझेल, परत अर्धवट, असं दहा वेळा झालं की पट्टीवर दिसायला लागतं.

डिझेल मिसळलेलं ऑइल पातळ होतं, बेअरिंगला पुरेसा थर देत नाही. लेव्हल फार वर गेली तर त्याहून वाईट, डिझेल इंजिन स्वतःचं ऑइल ओढून त्यावरच पळायला लागतं आणि किल्ली बंद केली तरी थांबत नाही. म्हणून मॅक्सच्या वर गेलंय तर आजच ऑइल बदला, पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका, थोडं काढून लेव्हलवर आणणं हा उपाय नाही. मग आठवड्यातून एकदा पणजी-मडगाव हायवेवर अर्धा तास एकसारख्या स्पीडने गाडी काढा, आणि डीपीएफचा दिवा लागला असेल तेव्हा तर घर आलं म्हणून बंद करू नका, पुढे एक फेरी मारून या.

ऑइल घेताना इथे ग्रेडपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे डब्यावर एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांची संस्था) सी२ किंवा सी३ असं पुस्तकात असेल ते जुळवा. ही कमी राखेची ऑइलं. काजळी जळून जाते पण ऑइलमधल्या औषधांची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते. ट्रकचं जुन्या ग्रेडचं ऑइल ‘डिझेलचंच आहे, चालतं’ म्हणून घातलं तर फिल्टर हळूहळू कायमचा भरतो, आणि नवा फिल्टर किती महाग पडतो ते एकदा सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा.

पेडण्याहून: मी मोपा विमानतळावर टॅक्सी चालवतो. सुट्टं ऑइल डब्यातल्यापेक्षा खूप स्वस्त पडतं. घालू का?

घालू नका बाब. तुमचं १०,००० किलोमीटर दोन-तीन महिन्यांत होतं, खर्च टोचतो हे मला कळतं, पण ड्रममधून मापून दिलेल्या ऑइलमध्ये काय आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे, लांबची भाडी असल्यामुळे तुमचं ऑइल रोज नीट तापतं, म्हणून पुस्तकातला पूर्ण अवधी तुम्ही निर्धास्त वापरा, पाच हजारालाच बदला म्हणून कोणी मागे लागलं तर ऐकू नका. तिथे पैसे वाचवा.

डबा पेट्रोल पंपावरून किंवा कंपनीच्या डीलरकडून घ्या, बिल घ्या. झाकणाची रिंग तुटलेली नको, बॅच नंबर आणि तारीख डब्यावर छापलेली हवी, बोटाने पुसली जाणारी नको, कोड स्कॅन करायची सोय असेल तर करा. आणि ऑइल ओतून झालं की रिकाम्या डब्याला स्क्रूड्रायव्हरने भोक पाडा, तुमच्या डोळ्यांसमोर. असे चांगले डबे भंगारात जातात आणि भरून परत येतात.

म्हापशाहून: बेळगावला जाताना चोर्ला घाटात वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला, सरळ रस्त्यावर विझला. सर्व्हिसची वेळ झाली म्हणून का?

नाही ताई, तो दिवा सर्व्हिसचा नाही, प्रेशरचा आहे, आणि अख्ख्या डॅशबोर्डवर त्याच्याइतका गंभीर दिवा नाही. चेंबरमध्ये ऑइल इतकं कमी झालंय की वळणावर ते एका बाजूला सरकतं आणि पंपाच्या तोंडात हवा जाते. सरळ रस्त्याला परत मिळतं म्हणून विझतो. तेवढ्या दोन सेकंदांत बेअरिंग कोरडी फिरतात.

मी नवशिका असताना एक जीप आमच्याकडे अशीच ओढत आणली होती, ड्रायव्हर केरीहून तो दिवा बघत बघत घाट चढला, वर पोचल्यावर बघू म्हणून. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, तापून निळी पडली होती. तो माणूस गॅरेजच्या पायरीवर डोकं धरून बसला होता ते अजून आठवतं, कारण जीपवरच त्याचं घर चालायचं. त्या दिवसापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पट्टी बघायला शिकवतो.

सपाट जागा, गाडी बंद करून दहा मिनिटं थांबायचं, पट्टी काढून पुसायची, पूर्ण आत घालून परत काढायची. मिन आणि मॅक्सच्या मध्ये असायला हवं, बहुतेक गाड्यांत या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटर असतं. महिन्यातून एकदा, आणि घाट चढायच्या आधी हमखास. वाटेत कमी दिसलं आणि तुमचा ब्रँड मिळाला नाही तर त्याच ग्रेडचं दुसरं कुठलंही चांगलं ऑइल घाला, मिसळलं तर काही फुटत नाही, कोरडं चालवण्यापेक्षा कितीतरी बरं.

वाळपईहून: गाडीचं अर्धा लिटर ऑइल उरलंय, बाइकमध्ये घालू?

गिअरच्या बाइकमध्ये नको. तिथे क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि गाडीच्या ऑइलमधली घर्षण कमी करणारी औषधं क्लचला घसरवतात. बाइकच्या डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ हवं. स्कूटरला एमबी. उरलेलं झाकण घट्ट लावून डिकीत ठेवा, टॉप-अपला होईल.

काणकोणहून: वडिलांची मारुती ८०० अजून चालवतो. ऑइल खाते, निळा धूर देते. फुली सिंथेटिक घातलं तर सुधारेल?

गाडी सांभाळून ठेवलीत हे वाचून बरं वाटलं, ८०० बनायची २०१४ मध्येच थांबली. सिंथेटिकवर पैसे घालवू नका. इथे मात्र घट्ट ऑइलचा सल्ला बरोबर आहे, २०डब्ल्यू-४० चांगलं मिनरल, म्हणजे सिंथेटिक नसलेलं साधं, घाला, रिंगा झिजल्यात तिथे ते जरा जास्त टिकतं आणि दर थोड्या दिवसांनी टॉप-अप करताना खिशालाही परवडतं. धूर कधी येतो ते बघा. सकाळी चालू केल्यावरच भसकन येऊन थांबत असेल तर वाल्वचे सील गेलेत, ते स्वस्तात होतात. चढावर जोर दिल्यावर येत असेल तर रिंगा, आणि मग कधीतरी हाफ इंजिन, म्हणजे पिस्टन-रिंगांचं काम, काढावंच लागेल. इंजिन फ्लश म्हणून जे विकतात ते इतक्या जुन्या इंजिनात घालू नका, वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटतो आणि पंपाच्या जाळीत जाऊन अडकतो.

सांग्याहून: आमच्याकडे जुनं काळं ऑइल कुंपणाच्या खांबांना आणि वाळवीला लावतात. मीपण लावतो. कोणीतरी म्हणालं ते विषारी आहे, खरंय का?

खरंय. हे मी स्वतः कितीतरी वर्षं लोकांना डबे भरून दिलंय, आता देत नाही. वापरलेल्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेचे धातू असतात आणि जळणातून आलेली कॅन्सर करणारी द्रव्यं असतात, ती कातडीतून आत जातात. आपला जांभा भोकाभोकांचा, पाऊस पडला की खांबाच्या मुळाशी लावलेलं ऑइल पाण्याबरोबर खाली उतरतं, आणि खाली आपलीच विहीर असते. कायद्यानेही हा घातक कचरा आहे, २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइल नाव घेऊन घातलंय, ते परवानाधारक रिसायकलरकडेच जायला हवं, तिथे ते शुद्ध करून परत मूळ तेल बनवता येतं.

घरी ऑइल बदलत असाल तर त्याच डब्यात परत भरा, पाणी किंवा कूलंट त्यात मिसळू देऊ नका आणि जिथे गाडी सर्व्हिसिंगला देता तिथे नेऊन द्या, मोठ्या वर्कशॉपकडून रिसायकलरची गाडी ते उचलते. फिल्टरपण उलटा करून रात्रभर निथळत ठेवा, त्यातून अजून बरंच निघतं. खांबांसाठी हार्डवेअरच्या दुकानात लाकडाला लावायचं वाळवीचं औषध मिळतं, ते हातमोजे घालून लावा, आणि विहिरीच्या बाजूच्या खांबांना तेही नको, तिथे सिमेंटचे खांब घाला.